शेतरस्ता, घरपट्टी आणि वाचनालय: गावपातळीवरचा कायदा शोधायचा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गाव चोपडा तालुक्यातलं, काकांच्या वावरात जायचा जुना गाडरस्ता शेजाऱ्यानी तारा ठोकून बंद केलाय, वर ग्रामपंचायतीनी घरपट्टी वाढवलीय, वकिलाकडे जायच्या आधी स्वतः कायदा वाचायचाय आणि गावच्या वाचनालयात तर कादंबऱ्या आणि तलाठी भरतीची पुस्तकं सोडून काही दिसत नाही, मग वाचनालयाचा उपयोग काय? मी जळगाव जिल्ह्यातच तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून बरीच वर्षं काढलीयेत, असे प्रश्न घेऊन येणारे लोक रोजचेच, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

उपयोग आहे भाऊ, पण आत जाऊन "कायद्याचं पुस्तक द्या" म्हणालात तर ग्रंथपाल तुम्हाला एखादं जाड, पिवळं पडलेलं पुस्तक काढून देईल आणि त्यातलं निम्मं आता लागू नसेल. आमच्याकडे लोक येतात ते डायरेक्ट "कलम 143 नं पुस्तक शे का?" असं विचारत येतात, कुणीतरी पारावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कलम सांगितलेलं असतं. कलमापासून सुरुवात करू नका. एका चिठ्ठीवर आधी एवढं लिहा की नेमकं काय झालं, कधी झालं (तारीख, निदान महिना तरी), जमीन कुठल्या गावची, कुठल्या तालुक्यातली, गट नंबर काय आणि आत्तापर्यंत कुठल्या ऑफिसचा कागद हातात आलाय. ही चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाचं काम लवकर होतं, कारण कायद्याची माहिती शोधताना खरे प्रश्न दोनच असतात, हा नियम कुठल्या भागाला लागू आहे आणि कुठल्या तारखेला लागू होता. बाकी सगळं शोधायचं काम आमचं.

आणि एक आधीच सांगून ठेवतो म्हणजे गैरसमज नको. ग्रंथपाल तुम्हाला कायदा काढून देईल, वाचायला मदत करेल, शब्द अडला तर परिभाषा कोश हातात देईल, पण "मी केस टाकू का, जिंकेन का" याचं उत्तर देणार नाही आणि देऊही नये. ते वकिलाचं काम. काही लोकांना राग येतो, म्हणतात एवढी पुस्तकं वाचता अन् एवढं सांगता येत नाही, पण चुकीच्या सल्ल्यानी मुदत गेली तर नुकसान तुमचं होतं, ग्रंथपालाचं नाही.

आता रस्त्याचं बघू, कारण यातच शोधायची सगळी पद्धत कळते. रस्त्याला दोन वेगवेगळे कायदे आहेत आणि लोक कायम गल्लत करतात. एक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143, ते म्हणजे वावरात जायला वाटच नाही, दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदारांकडे मागणी करायची त्यासाठी. दुसरा मामलतदार (म्हणजे आताचा तहसीलदार) न्यायालय अधिनियम, 1906, त्याचं कलम 5, ते वहिवाटीचा रस्ता आधीपासून होता आणि कुणीतरी तो अडवला त्यासाठी. दोन्हीकडे अर्ज तहसीलदारांकडेच जातो म्हणून लोकांना एकच वाटतं. पण 1906 च्या कायद्यात अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, आणि तहसीलदारांच्या निकालावर अपील नाही, कलम 23 खाली पुनरीक्षण आहे, म्हणजे निकाल वरच्या अधिकाऱ्याकडून तपासून घेणं. उलट 143 मध्ये अपील आहे, किंवा निकालापासून एका वर्षाच्या आत दिवाणी कोर्टात दावा टाकता येतो, मात्र दावा टाकला की अपील-पुनरीक्षणाची वाट बंद. आता तुमच्या काकांचा रस्ता "जुना गाडरस्ता" आहे म्हणताय, म्हणजे तुम्ही वाचायला सुरुवात 143 पासून न करता 1906 च्या कायद्यापासून करायला हवी. हे तलाठी भरतीच्या गाइडमध्ये असतं पण दोन ओळीत असतं आणि मुदतीची ओळ बहुतेक वेळा नसतेच.

त्या गाइडांबद्दल माझं मत सांगतो, ग्रंथपाल लोकांना आवडणार नाही कदाचित. खान्देशातल्या गावोगावच्या वाचनालयांत कायद्याचं म्हणून जे काही वाचलं जातं ते एमपीएससी आणि तलाठी-ग्रामसेवक भरतीच्या पुस्तकांतूनच वाचलं जातं, आणि ते वाईट नाही. फेरफार म्हणजे काय, गाव नमुना 6, 7-12, 8-अ म्हणजे काय, ग्रामसभा कोण बोलावतं, प्रांत आणि तहसीलदार यांच्यात वर कोण, हे सगळं सोप्या मराठीत त्यात मिळतं, पहिल्या दिवशी वाचायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. पण ते परीक्षेसाठी लिहिलेलं आहे, अर्जात त्याचा दाखला देऊ नका. अर्जात लिहायचं ते मूळ अधिनियमातलं वाक्य.

मूळ अधिनियम मिळतो कुठं? विधी व न्याय विभागाच्या वेबसाइटवर राज्याचे कायदे आहेत, केंद्राच्या इंडिया कोड वेबसाइटवर केंद्राचे आणि राज्यांचेही आहेत, आणि छापील हवा असेल तर शासकीय ग्रंथागारात अगदी कमी किमतीत मिळतो, आपल्याला जवळचं ग्रंथागार संभाजीनगरचं. वाचनालयात असलेली प्रत हातात घेतली की आधी पहिलं पान उलटून "अमुक तारखेपर्यंत सुधारित" असं काय लिहिलंय ते बघा. कलमाच्या खाली बारीक अक्षरात तळटिपा असतात, "सन अमुकचा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक तमुक याद्वारे समाविष्ट केले" अशा, लोक त्या वाचतच नाहीत आणि खरा माल तिथं असतो, कुठला शब्द कधी घातला, कधी काढला. परंतुक असेल, म्हणजे "परंतु" नी सुरू होणारा परिच्छेद, तर तो सोडून कलम वाचायचं नाही, बऱ्याचदा आपली केस त्या परंतुकातच बसलेली असते.

नावांचाही घोळ आहे. तुम्हाला जुन्या पुस्तकात "मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, 1958" दिसेल आणि नव्या पीडीएफमध्ये "महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम", दोन्ही एकच. 2012 मध्ये एक कायदा करून बऱ्याच "मुंबई" नावाच्या कायद्यांची नावं "महाराष्ट्र" अशी केली, अंमल मात्र मागे नेऊन 1 मे 1960 पासूनचा. त्यामुळे सर्च करताना दोन्ही नावांनी करा. कायद्याचं साल आणि क्रमांक माहीत असला तर आणखी सोपं, म्हणजे ग्रामपंचायत अधिनियम हा 1959 चा 3, मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चा 2, नाव बदलतं पण क्रमांक बदलत नाही.

आता भागाचं, म्हणजे कुठला कायदा कुठं लागू. हे मी जरा लांबवणार आहे कारण खान्देशात यातच सगळ्यात जास्त लोक फसतात. आपला मुलुख जुन्या मुंबई इलाख्यातला, पूर्वेला लागून असलेलं वऱ्हाड मध्य प्रांतातनं आलेलं आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरापलीकडं निजामाचं राज्य होतं. जमीन महसूल संहितेनी (15 ऑगस्ट 1967 पासून लागू) महसुलाचा कायदा तिन्हीकडे एक केला, पण कुळकायदा एक झाला नाही. आपल्याला लागू तो 1948 चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, विदर्भाला 1958 चा वेगळा, मराठवाड्याला हैदराबादचा 1950 चा वेगळा. म्हणजे मुक्ताईनगरहून मलकापूरला गेलात, चाळीसगावहून घाट चढून कन्नडला गेलात किंवा पाचोऱ्याहून सोयगावकडे वळलात की कुळाच्या जमिनीचा कायदाच बदलतो, कलमांचे नंबर बदलतात. कुळकायद्याचं पुस्तक उसनं आणताना ते कुठल्या भागाचं आहे हे कव्हरवरच वाचा, मलकापूरच्या मामानी दिलेलं पुस्तक जळगाव जिल्ह्यातल्या जमिनीला चालणार नाही. तुम्हाला सध्या कुळकायदा लागत नसेलही, पण सातबाऱ्यावर इतर हक्कात "कलम 43 ला अधीन" असा काही शेरा असेल तर लागेल, म्हणून सांगितलं.

सीमेवरचा दुसरा घोळ मोबाइलमुळे झालाय. रावेर, चोपडा, शिरपूर ही सगळी मध्य प्रदेशाला लागून, तिकडं नवापूर-अक्कलकुवा गुजरातला लागून, आणि गुगलवर हिंदीत "खेत का रास्ता" टाकलं की मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेची धारा 131 पुढं येते, यूट्यूबवर वकीलसाहेब छान समजावून सांगतात आणि माणूस तेच लिहून घेऊन येतो. ती धारा त्यांच्या राज्यात बरोबर आहे, आपल्या तहसीलमध्ये तिचा काहीच उपयोग नाही. गुजरातचं तर आणखी फसवं कारण मूळ मुंबई राज्याचेच कायदे तिकडंही गेले, नाव आणि साल सारखंच दिसतं, पण 1960 नंतर त्यांनी त्यांच्या सुधारणा केल्या आणि आपण आपल्या. पीडीएफ उघडली की पहिल्या पानावर राज्य कुठलं ते बघायची सवय लावून घ्या.

तिसरी गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण तालुका चोपडा आहे. अनुसूचित क्षेत्र, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं आदिवासी क्षेत्र, हे फक्त नंदुरबारकडचं असं लोकांना वाटतं. 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात जळगाव जिल्ह्यातली चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतली काही गावंसुद्धा आहेत, गावांच्या नावांनिशी यादी आहे. तुमचं गाव त्यात आहे का ते आधी तपासा. असेल तर ग्रामपंचायत अधिनियमातलं अनुसूचित क्षेत्राचं वेगळं प्रकरण, पेसाचे (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या केंद्रीय कायद्याचे) 2014 चे राज्याचे नियम, ग्रामसभेचे जादा अधिकार हे सगळं लागू होतं. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावरचं महसूल संहितेचं कलम 36-अ, ते तर अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीचा मुद्दा तिथं येतो, हे बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. नंदुरबारचं कुणी हे वाचत असेल तर एक टीप, नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याच्या आधीचा कुठलाही आदेश, अधिसूचना किंवा राजपत्र शोधताना "धुळे जिल्हा" म्हणूनच शोधा, 1985 च्या आदेशातही तुमचे तालुके धुळ्याखालीच सापडतील. धडगाव सापडत नसेल तर "अक्राणी" बघा, आणि इकडे जुन्या कागदांत मुक्ताईनगरला "एदलाबाद" म्हणून बघा.

कायदा झाला, आता नियम, अधिसूचना आणि जीआर. अधिनियम विधिमंडळ करतं, त्याच्या खाली सरकार नियम करतं, मग काही गोष्टी अधिसूचनेनी ठरतात आणि अगदी खाली शासन निर्णय, म्हणजेच जीआर, आणि परिपत्रकं. जीआर म्हणजे प्रशासनानी आपल्याच अधिकाऱ्यांना दिलेली दिशा, तो अधिनियमाच्या वर नसतो. तहसीलमध्ये मात्र उलटं चित्र दिसतं, क्लार्क जीआर मागतो आणि कायदा कुणी विचारत नाही, म्हणून दोन्ही जवळ ठेवायचे. शेतरस्त्याबद्दल महसूल विभागाचा मे 2025 चा जीआर आहे, शेतरस्ता 3 ते 4 मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी असं त्यात आहे, तो काढून वाचा. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या वेबसाइटवर विभाग आणि तारीख टाकून सापडतो. प्रत्येक जीआरवर एक लांबलचक सांकेतांक असतो, तारखेनी सुरू होणारा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जीआर खरा की खोटा हे त्या सांकेतांकानी वेबसाइटवर तपासता येतं, सापडला नाही तर तो कागद अर्जाला लावूच नका. खोटे आणि रद्द झालेले जीआर गावात किती फिरतात विचारू नका, काही तर विषयाच्या वाक्यापर्यंतच खरे असतात. आणि जीआर उघडला की वर "संदर्भ" म्हणून जुने जीआर दिलेले असतात, ते एक एक मागे काढत गेलं की पूर्ण साखळी हातात येते, माझ्या मते वाचनालयात बसून करण्यासारखं सगळ्यात फायद्याचं काम हेच.

राजपत्राबद्दलही सांगतो कारण ते कुणी मागत नाही. महाराष्ट्र शासन राजपत्राचे भाग असतात, अधिनियम आणि अध्यादेश भाग चारमध्ये, राज्याच्या कायद्यांखालचे नियम-आदेश भाग चार-ब मध्ये, पण आपल्या गावच्या माणसाला खरं लागतं ते भाग एक, नाशिक विभागीय पुरवणी, कारण भूसंपादनाच्या आणि तसल्या स्थानिक अधिसूचना तिथं निघतात. महामार्गात, धरणात, पाटचारीत जमीन गेली असेल तर त्या पुरवणीची तारीख सोन्यासारखी. आता राजपत्र ऑनलाइन आहे, जुने अंक मात्र मोठ्या वाचनालयांत बांधून ठेवलेले असतील तर नशीब, म्हणून आधी फोन करून विचारा आणि मग एसटी धरा.

तारखेचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे याचं उदाहरण तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी. कायदा 1947 चा, पण किती गुंठ्यांच्या खाली तुकडा समजायचा हे अधिसूचनेनी ठरतं, आणि ऑगस्ट 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे केलं, त्यानंतरही या कायद्यात बदल होत राहिलेत. 2020 साली छापलेलं चांगलं पुस्तकसुद्धा इथं चूक सांगणार. बांधकामाचं तेच, डिसेंबर 2020 मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली आणि भुसावळ, अमळनेर, नंदुरबार असल्या नगरपालिकांचे जुने वेगवेगळे बांधकाम नियम बाजूला पडले, तरी कपाटात ते अजून आहेतच. आणि फौजदारी तर सांगायलाच नको. बांधावरून हाणामारी झाली की आपल्याकडे जुन्या दंडसंहितेतली 323, 504, 506 (मारहाण, अपमान, धमकी) ही कलमं पोरासोरांना पाठ, पण 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आहे, त्यात तेच आता 115(2), 352 आणि 351. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर जुनी दंडसंहिताच लागते, म्हणून आम्ही जुनी पुस्तकं रद्दीत घालत नाही, कपाट वेगळं केलंय आणि वर चिठ्ठी लावलीय.

घरपट्टीकडे येतो. इथं लोक अधिनियम शोधत बसतात आणि खरं उत्तर नियमात असतं. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 124 ग्रामपंचायतीला कर लावायचा अधिकार देतं, पण आकारणी कशी करायची ते ग्रामपंचायत कर व फी नियम, 1960 मध्ये आहे, आणि त्यात डिसेंबर 2015 ला मोठा बदल होऊन आकारणी भांडवली मूल्यावर आली. जमिनीचा आणि बांधकामाचा दर, घराचं वय, वापर घरगुती की व्यापारी, असं सगळं धरून हिशोब होतो, आणि करदराला किमान-कमाल मर्यादा दिलेली आहे, त्या मर्यादेत ग्रामपंचायत आपला दर ठरवते. म्हणजे तुम्हाला तीन कागद लागतात, सुधारित नियम (हे वाचनालयात किंवा वेबसाइटवर), ग्रामपंचायतीचा दर ठरवल्याचा ठराव, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधली (सातबाऱ्याबरोबरचा 8-अ वेगळा) तुमच्या घराची आकारणी. शेवटचे दोन जगातल्या कुठल्याच लायब्ररीत मिळणार नाहीत, ते ग्रामपंचायतीतच. आकारणी पटत नसेल तर अपील पंचायत समितीकडे असतं, मुदत कलमातच दिलीय ती वाचून घ्या.

तिथंच माहिती अधिकार येतो. अर्ज साधा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांत उत्तर. पण अर्जाच्या आधी दोन गोष्टी करून बघा. 2005 च्या कायद्याच्या कलम 4 खाली प्रत्येक ऑफिसनी स्वतःहून माहिती जाहीर करून ठेवायची असते, ती मागा. आणि नोव्हेंबर 2018 चा जीआर आहे, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 जिल्हा आणि स्थानिक पातळीवरच्या ऑफिसांत नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचं म्हणून. एका ऑफिसात आमच्या एका वाचकाला "असं काही नसतं" म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या सोमवारी तो जीआरची झेरॉक्स घेऊन गेला, लगेच खुर्ची मिळाली. रेकॉर्ड बघायला जाताना "ठराव वही दाखवा, अमुक वर्षाची" असं नेमकं मागा, "सगळे कागद दाखवा" म्हणालात की काहीच मिळत नाही.

रस्त्यासाठीही असाच एक कागद वाचनालयाबाहेरचा आहे आणि तो सगळ्यात भारी, गावचा नकाशा. भूमी अभिलेख ऑफिसातून मिळतो. त्यात तुटक दुबार रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग. तुमचा रस्ता नकाशावर दुबार तुटक रेषेत असेल तर निम्मं भांडण तिथंच संपतं. जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन केलेले "आपले अभिलेख" वेबसाइटवर बऱ्याच ठिकाणचे आहेत, आणि महसुली केसांची स्थिती ई-क्यूजे कोर्टच्या वेबसाइटवर दिसते, शेजाऱ्यानी आधीच काही अर्ज टाकलाय का तेही तिथं बघा.

आता कुठल्या लायब्ररीत जायचं. गावचं वाचनालय बहुतेक ड किंवा क वर्गातलं असतं, 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता आणि वर्गाप्रमाणे अनुदान, त्या अनुदानात वर्तमानपत्रं आणि थोडी पुस्तकं होतात, कायद्याच्या महागड्या टीकाग्रंथांची, म्हणजे कलमवार स्पष्टीकरणाच्या पुस्तकांची, अपेक्षा धरणं चूक आहे. पण तिथं वर्तमानपत्राची फाइल असते, त्यात जाहीर नोटिसा असतात, लोकराज्य मासिक येतं त्यात योजनांची माहिती सोपी करून असते. त्याच्या वर तालुक्याचं अ किंवा ब वर्ग वाचनालय, अमळनेरचं साने गुरुजी ग्रंथालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, जळगावचं 1877 सालचं व. वा. वाचनालय अशी जुनी मोठी वाचनालयं, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालय, तिथं जिल्हा ग्रंथालय अधिकारी बसतात. तुमच्या गावच्या ग्रंथपालाला सांगा की अमुक पुस्तक कुणाकडे आहे ते जिल्ह्याला विचारा, हे काम तो करू शकतो, फक्त कुणी सांगत नाही म्हणून करत नाही. टीकाग्रंथ आणि निकालांचे अंक, म्हणजे एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर), महाराष्ट्र लॉ जर्नल वगैरे, हे मिळतील ते लॉ कॉलेजच्या लायब्ररीत किंवा कोर्टातल्या वकील संघाच्या लायब्ररीत. तिथं बाहेरच्या माणसाला सरसकट प्रवेश नसतो, पण आपल्या वाचनालयाचं पत्र नेलं आणि "इथंच बसून वाचतो, घरी नेत नाही" म्हटलं तर माझ्या अनुभवात बऱ्याचदा बसू देतात.

धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ किंवा 1880 चं खान्देश गॅझेटियर यांच्याकडे लोक वतनाच्या, पाट-बंधाऱ्याच्या जुन्या वहिवाटी शोधायला जातात, वाचायला फार मजा येते, पांझरेकाठच्या पाण्याबद्दल वाचत बसलात तर दिवस कसा जातो कळत नाही, पण तहसीलदारापुढं गाव नकाशा आणि मंडळ अधिकाऱ्यांचा स्थळ पंचनामा जेवढा चालतो तेवढं गॅझेटियर चालत नाही.

निकाल शोधायचे असतील तर ई-कोर्ट्सच्या निकालांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. लक्षात ठेवायचं एवढंच की महसुलात आपण नाशिक विभागात, पण हायकोर्टात आपले तिन्ही जिल्हे (जळगाव, धुळे, नंदुरबार) संभाजीनगर खंडपीठाकडे, म्हणून शोधताना ते खंडपीठ निवडा. नागपूर किंवा मुंबईचा निकालही मुंबई उच्च न्यायालयाचाच आहे, तोही वाचा, फक्त वर सांगितलं तसं, कुळकायद्याची केस असेल तर ती विदर्भाच्या कायद्यावरची नाही ना ते बघा. आजकाल पोरं मोबाइलवरच्या एआयला विचारून निकालांची यादी आणतात, वाचायला एकदम वकिली भाषा, पण त्यातले काही निकाल अस्तित्वातच नसतात. केस नंबर आणि तारीख टाकून वेबसाइटवर स्वतः उघडल्याशिवाय एकही निकाल लिहून घेऊ नका.

झेरॉक्सची काळजी करू नका, राजपत्रातला मजकूर आणि कोर्टाचे निकाल यांची प्रत काढायला कॉपीराइट आडवा येत नाही, टीकाग्रंथाचं अख्खं प्रकरण मात्र छापायला मागू नका. आणि तहसील-कोर्टात लावायला फेरफार, नकाशा, आदेश यांची सही-शिक्क्याची नक्कल लागते, वाचनालयातली झेरॉक्स ही तुमच्या वाचनासाठी.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जळगावला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला तालुका समिती. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. 15100 वर फोन करून विचारता येतं. काकूंच्या नावावर जमीन असेल तर हे नक्की विचारा.

तारा कधी ठोकल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. 6 महिने व्हायला आले असतील तर वरचं सगळं वाचन नंतर करा, या आठवड्यात गाव नकाशाची नक्कल आणि सातबारा घेऊन 1906 च्या कायद्याचं कलम 5 लिहून तहसीलला दावा दाखल करा आणि पोच घ्या. वेळ हातात असेल तर चिठ्ठी घेऊन चोपड्याच्या वाचनालयात जा, दुपारी जा, सकाळी पेपर वाचणाऱ्यांची गर्दी असते आणि ग्रंथपालाला बोलायला फुरसत नसते.